जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (जन्म: २३ जानेवारी १८५५, ऑग्डेन, युटा प्रदेश, अमेरिका; मृत्यू: २६ नोव्हेंबर १९२६, लीज, बेल्जियम) हे अमेरिकन शस्त्रसंशोधक होते. स्वयंचलित व अर्धस्वयंचलित बंदुकांच्या विकासात त्यांचा वाटा फार मोठा मानला जातो. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. कोल्ट एम १९११ हे पिस्तूल, ऑटो-५ ही छर्ऱ्याची बंदूक, एम १९१७ व एम २ या मशीनगन आणि बी.ए.आर. ही स्वयंचलित रायफल ही त्यांची काही प्रसिद्ध शस्त्रे होत.

ब्राउनिंग यांच्या स्वयंचलित शस्त्रांची रचना परस्परांहून बरीच भिन्न असली, तरी त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. गोळी सुटल्यानंतर बंदुकीची मागची बाजू आपोआप उघडायची असेल, तर ती नेमकी केव्हा उघडावी, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाची त्यांनी निरनिराळी उत्तरे शोधली आणि ती प्रत्यक्षात आणली.

मूळ प्रश्न

बंदुकीच्या नळीच्या मागच्या तोंडाला ब्रीच म्हणतात. काडतूस या बाजूने आत बसवले जाते आणि त्याच्या पाठीशी बोल्ट नावाचा पोलादी ठोकळा असतो. चाप ओढल्यावर दारू पेटते व तिच्यापासून तयार झालेला वायू सर्व दिशांना दाब देतो. हा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि काडतुसाच्या पुंगळीला तितक्याच नेटाने मागे ढकलतो. पुंगळी पातळ पितळेची असते. भोवती नळीची भिंत आणि मागे बोल्ट असेपर्यंत ती हा दाब सहन करते. दाब ओसरण्यापूर्वीच ब्रीच उघडली, तर आधार सुटलेली पुंगळी फुटते आणि तप्त वायू व धातूचे तुकडे मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येतात.

हाताने चालवायच्या बंदुकीत ही अडचण येत नाही. नेमबाज दांडा किंवा खटका ओढेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते व दाबही उतरलेला असतो. स्वयंचलित बंदुकीत मात्र हा विलंब खुद्द यंत्रालाच साधावा लागतो. गोळीला नळीतून बाहेर पडण्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. तेवढा वेळ ब्रीच बंद राहिली पाहिजे. पुढे उरलेल्या जोरावर ती उघडून पुंगळी बाहेर फेकली गेली पाहिजे आणि नवे काडतूस आत बसले पाहिजे. ब्रीच फार लवकर उघडली तर अपघात होतो. फार उशिरा उघडली तर यंत्र चालवण्यास पुरेसा जोर उरत नाही.

कुटुंब व बालपण

जॉन यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग (१८०५–१८७९) हे मूळचे टेनेसी राज्यातील बंदूक कारागीर होते. इलिनॉयमध्ये असताना त्यांनी मॉर्मन पंथाचा स्वीकार केला. पंथाच्या अनुयायांबरोबर पश्चिमेकडे स्थलांतर करत ते १८५२ मध्ये युटामध्ये पोहोचले आणि ऑग्डेन येथे त्यांनी आपले दुकान थाटले. त्यांनी स्वतः एक अनेकबारी रायफल तयार केली होती. तिच्यात एक आडवी पट्टी सरकवून एकामागून एक बार नळीसमोर आणता येत. प्रत्येक बाराच्या वेळी पट्टी नळीच्या तोंडाशी घट्ट दाबून वायूची गळती रोखण्यासाठी एक तरफ बसवलेली होती. वायूला मागे येऊ न देण्याचा प्रश्न या घराण्यात असा आधीपासूनच परिचयाचा होता.

जोनाथन यांना तीन पत्नी व २२ अपत्ये होती. जॉन यांच्या आईचे नाव एलिझाबेथ कॅरोलाइन क्लार्क असे होते. जॉन लहानपणापासून वडिलांच्या दुकानात वावरले. दुकानाच्या भंगारातील एका जुन्या चकमकीच्या बंदुकीची नळी घेऊन त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षी आपली पहिली बंदूक जुळवली व धाकटा भाऊ मॅट याच्याबरोबर तिने पक्ष्यांची शिकार केली, अशी हकीकत कुटुंबात सांगितली जात असे. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. दुरुस्तीसाठी येणाऱ्या निरनिराळ्या बंदुका उघडून पाहणे, त्यांतील दोष ओळखणे आणि मोडलेला भाग नव्याने घडवणे, हेच त्यांचे तांत्रिक शिक्षण होते.

१८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि ऑग्डेन हे त्यावरील महत्त्वाचे ठिकाण बनले. या लोहमार्गामुळे दूरच्या कारखान्यांतील बंदुका गावात येऊ लागल्या, तशी ऑग्डेनमधील एक बंदूकही पुढे पूर्वेकडील एका मोठ्या कारखान्यात जाऊन पोहोचली.

विंचेस्टर कंपनीशी संबंध

१० एप्रिल १८७९ रोजी जॉन यांचा विवाह रेचेल टेरेसा चाइल्ड यांच्याशी झाला. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना पहिले पेटंट मिळाले. हे पेटंट एकबारी रायफलीचे होते. तिच्यात ब्रीच बंद करण्यासाठी एक भक्कम ठोकळा तरफेच्या साह्याने वरखाली सरकत असे. ब्राउनिंग बंधूंनी ऑग्डेनमध्ये लहानसा कारखाना उभारून या रायफली तयार करण्यास प्रारंभ केला.

१८८३ मध्ये विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती यांपैकी एक वापरलेली रायफल पडली व त्याने ती कंपनीकडे पाठवली. रायफलीची मजबुती पाहून कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट स्वतः ऑग्डेनला आले आणि त्यांनी ८,००० डॉलरला तिचे हक्क विकत घेतले. पुढे ती विंचेस्टर १८८५ या नावाने बाजारात आली. येथून सुरू झालेला संबंध सुमारे १९ वर्षे टिकला. या काळात ब्राउनिंग यांनी विंचेस्टर कंपनीला ४० हून अधिक रचना विकल्या. त्यांपैकी मोजक्याच उत्पादनात आल्या. उरलेल्या रचना प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत म्हणून कंपनीने विकत घेऊन ठेवल्या होत्या. १८८६, १८९२ व १८९४ या वर्षांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तरफेच्या रायफली आणि १८९७ ची छर्ऱ्याची बंदूक या त्यांतील विशेष गाजलेल्या रचना होत.

१८८७ ते १८८९ ही दोन वर्षे ब्राउनिंग यांनी मॉर्मन पंथाचे प्रचारक म्हणून जॉर्जिया राज्यात घालवली. या काळात त्यांचे बंदुकांचे काम जवळजवळ थांबले होते.

वायूचा उपयोग

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन संशोधक हायरम मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास पहिली यशस्वी स्वयंचलित मशीनगन तयार केली होती. गोळी सुटताना बंदुकीला मागे बसणाऱ्या धक्क्याचा, म्हणजे प्रतिक्षेपाचा, त्यांनी उपयोग केला होता. ब्राउनिंग यांनी प्रारंभी वेगळा मार्ग निवडला.

१८८९ च्या शरद ऋतूत नेमबाजीच्या वेळी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. प्रत्येक गोळीबरोबर नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूमुळे समोरचे गवत जोराने वाकत होते. हा जोर फुकट जातो, तो बंदुकीच्या कामी लावता येईल, असा विचार करून त्यांनी प्रयोग सुरू केले. विंचेस्टरच्या तरफेच्या रायफलीच्या तोंडापुढे त्यांनी गोळी जाण्यापुरते छिद्र असलेली एक पट्टी बसवली आणि एका दांड्याने ती तरफेला जोडली. वायूच्या झोताने पट्टी पुढे ढकलली जाई आणि तरफ आपोआप हले. या प्रयोगावर आधारित पेटंटासाठी त्यांनी जानेवारी १८९० मध्ये अर्ज केला.

यातूनच पुढे कोल्ट कंपनीने तयार केलेली १८९५ ची मशीनगन विकसित झाली. तिच्यात नळीच्या पुढील भागाला खालून एक छिद्र होते. गोळी या छिद्राच्या पुढे गेल्यावरच वायूला तेथून वाट मिळे. बाहेर पडणारा वायू एका लांब दांड्याला खाली व मागे ढकलत असे. हा दांडा काही अंतर झुकल्यानंतरच बोल्टाचे कुलूप उघडे. छिद्राचे नळीवरील स्थान आणि दांड्याचा लांब फेरा या दोहोंमुळे आवश्यक तो विलंब मिळत असे व पुंगळीही हळुवारपणे बाहेर येत असे. बंदूक जमिनीलगत ठेवल्यास मात्र हा दांडा माती उकरत असे. त्यामुळे सैनिकांनी तिला बटाटे उकरणारी असे विनोदी नाव दिले होते. अमेरिकन नौदलाने ती स्वीकारली आणि १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात ती वापरली गेली.

पिस्तुले

१८९० च्या दशकाच्या मध्यास ब्राउनिंग स्वयंचलित पिस्तुलांकडे वळले. २० एप्रिल १८९७ रोजी त्यांना एकाच दिवशी पिस्तुलांची चार पेटंटे मिळाली. ब्रीच उघडण्याच्या निरनिराळ्या पद्धती त्यांत होत्या.

पहिली पद्धत सर्वांत साधी होती. तिच्यात ब्रीचला कुलूप नसते. बोल्टाचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच विलंब साधला जातो. गोळी हलकी व बोल्ट पुष्कळ जड असल्याने गोळी वेगाने पुढे जाते, तर बोल्ट तेवढ्या वेळात जेमतेम हलतो. कमी जोराच्या काडतुसाला ही पद्धत पुरते. बेल्जियममधील हर्स्टाल येथील फाब्रिक नासियोनाल (एफ.एन.) या कारखान्याने १८९७ मध्ये ब्राउनिंग यांच्याशी करार करून ७.६५ मिलिमीटर व्यासाचे असे पिस्तूल तयार करण्यास घेतले. ते एम १९०० या नावाने ओळखले जाते. एफ.एन.ची ब्राउनिंग पिस्तुले युरोपात इतकी पसरली, की फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हा शब्द पिस्तूल या अर्थी सामान्यनाम म्हणून रूढ झाला. १९१४ च्या प्रारंभी या कारखान्याच्या ब्राउनिंग पिस्तुलांची संख्या दहा लाखांवर पोहोचली. त्या निमित्ताने ब्राउनिंग यांना बेल्जियमचा ऑर्डर ऑफ लिओपोल्ड हा सन्मान देण्यात आला.

जोरदार काडतुसासाठी केवळ वजनावर विसंबायचे, तर पिस्तुलाचा बोल्ट हातात धरण्याजोगा राहणार नाही. म्हणून अशा पिस्तुलांत ब्राउनिंग यांनी नळी आणि तिच्यावर सरकणारे आवरण यांना एकमेकांत अडकवले. गोळी सुटल्यावर दोन्ही भाग जोडीने थोडे मागे सरकतात. तेवढ्या वेळात गोळी बाहेर पडते आणि दाब उतरतो. मग नळीखालच्या दुव्यामुळे नळी खाली ओढली जाते, तिच्या पाठीवरचे कंगोरे आवरणाच्या खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि आवरण एकटेच मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते. या पद्धतीस लघुप्रतिक्षेप पद्धती म्हणता येईल.

कोल्टच्या १९०० च्या पिस्तुलात नळीच्या पुढे व मागे असे दोन दुवे होते आणि आवरण एका आडव्या पाचरीने जागेवर राहत असे. ती पाचर निघाल्यास किंवा तुटल्यास आवरण मागे सुटून नेमबाजाच्या तोंडावर आदळण्याचा धोका होता. एम १९११ मध्ये ब्राउनिंग यांनी मागचा एकच दुवा ठेवला आणि आवरण मागच्या बाजूने निघूच शकणार नाही अशी सांगड घातली.

फिलिपीन्समधील लढायांत अमेरिकन सैन्याला आपली ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरे अपुरी वाटली होती. त्यामुळे ०.४५ इंची पिस्तुलाची मागणी पुढे आली. मार्च १९११ मध्ये झालेल्या अखेरच्या चाचणीत ब्राउनिंग यांच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. ते तापले की पाण्यात बुडवून थंड केले जाई व पुन्हा चाचणी सुरू होई. त्यात एकदाही बिघाड झाला नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तुलात ३७ वेळा बिघाड झाला. २९ मार्च १९११ रोजी हे पिस्तूल सैन्यासाठी स्वीकारण्यात आले व १९८५ पर्यंत ते अमेरिकन सैन्याचे प्रमाण पिस्तूल राहिले.

ऑटो-५ आणि विंचेस्टरशी फारकत

छर्ऱ्याच्या काडतुसांनी ब्राउनिंग यांच्यापुढे निराळीच अडचण उभी केली. ही काडतुसे लांब, त्या काळी कागदी पुंगळीची आणि हलक्या-भारी अशा अनेक प्रकारांची असत. १९०० च्या सुमारास पेटंट घेतलेल्या बंदुकीत ब्राउनिंग यांनी दीर्घ प्रतिक्षेपाचा अवलंब केला. तिच्यात नळी आणि बोल्ट कुलूपबंद अवस्थेतच काडतुसाच्या लांबीहून अधिक अंतर मागे जातात. शेवटी बोल्ट अडकून राहतो व नळी स्प्रिंगच्या जोरावर एकटी पुढे जाते. त्यामुळे पुंगळी मोकळी होऊन बाहेर पडते आणि मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. ब्रीच उघडेपर्यंत दाब पूर्णपणे उतरलेला असतो. काडतूस हलके की भारी त्यानुसार घर्षणाच्या कड्यांची जागा बदलून नळीची चाल आवरता येत असे.

या बंदुकीसाठी ब्राउनिंग यांनी एकरकमी मोबदल्याऐवजी प्रत्येक नगामागे स्वामित्वधन मागितले. विंचेस्टर कंपनीने त्यास नकार दिला आणि १९०२ मध्ये दोघांचा संबंध संपला. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीच्या कार्यालयात अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांची भेट घेण्यास गेले. ते तेथे वाट पाहत असतानाच हार्टली यांचे निधन झाल्याचे समजले. त्यानंतर ते बंदूक घेऊन बेल्जियमला गेले आणि एफ.एन.शी त्यांचा करार झाला. ही बंदूक पुढे ऑटो-५ या नावाने प्रसिद्ध झाली व तिचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू होते. रेमिंग्टननेही नंतर परवाना घेऊन तिची आवृत्ती काढली.

विंचेस्टरला मात्र ब्राउनिंग यांची पेटंटे टाळून स्वतःची स्वयंचलित बंदूक तयार करावी लागली. बोल्ट ओढण्याची मूठही पेटंटात असल्यामुळे १९११ च्या विंचेस्टर बंदुकीत नळीच हाताने मागे दाबावी लागत असे. काडतूस अडकल्यावर काही जण दस्ता जमिनीवर टेकवून, तोंड आपल्याकडे असताना नळी दाबत. अशा अपघातांमुळे त्या बंदुकीला विधवा करणारी असे नाव पडले.

पहिले महायुद्ध

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तिच्या सैन्याकडे मशीनगनचा मोठा तुटवडा होता. ब्राउनिंग यांनी प्रतिक्षेपावर चालणाऱ्या मशीनगनची कल्पना १९०० च्या सुमारासच मांडली होती. फेब्रुवारी १९१७ मध्ये वॉशिंग्टनजवळ त्यांनी तिचे व एका स्वयंचलित रायफलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. मे महिन्यात स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात मशीनगनची चाचणी झाली. तिने २०,००० गोळ्या एकही भाग न मोडता झाडल्या. त्यानंतर आणखी २०,००० गोळ्या झाडण्यात आल्या. ही बंदूक चाचणीपुरती खास घडवली असावी, असा संशय राहू नये म्हणून दुसरी बंदूक आणण्यात आली. ती ४८ मिनिटांहून अधिक काळ अखंड चालली.

पाण्याने थंड राहणाऱ्या या एम १९१७ मशीनगनमध्ये नळी व बोल्ट एका उभ्या सरकत्या ठोकळ्याने जोडलेले असतात. दोन्ही थोडे मागे गेल्यावर तो ठोकळा खाली ढकलला जातो व बोल्ट मोकळा होतो. त्याच क्षणी एक वक्र तरफ नळीचा उरलेला वेग बोल्टाला देते. नळीची चाल त्यामुळे आवरली जाते आणि बोल्टाची वाढते.

बी.ए.आर. म्हणून ओळखली जाणारी रायफल वायूवर चालते. नळीतील छिद्रातून आलेला वायू दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या काही अंतर मोकळा सरकल्यावर बोल्टाचा वर उचललेला अडसर खाली येतो आणि बोल्ट सुटतो. सुमारे ७ किलोग्रॅम वजनाची ही रायफल एका सैनिकाला वाहून नेता येत असे. मात्र तिच्या मॅगझिनमध्ये २० च काडतुसे मावत. ब्राउनिंग यांचे पुत्र व्हॅल हे सैन्यात लेफ्टनंट होते. फ्रान्समध्ये त्यांनी ही शस्त्रे सैनिकांना शिकवली व सप्टेंबर १९१८ पासून ती रणांगणावर वापरली गेली.

या शस्त्रांच्या हक्कांपोटी ब्राउनिंग यांनी सरकारकडून ७,५०,००० डॉलर स्वीकारले. युद्धकाळातील उत्पादनावर नेहमीच्या दराने मिळू शकणाऱ्या स्वामित्वधनाच्या मानाने ही रक्कम फारच अल्प होती.

सेनापती जॉन पर्शिंग यांच्या मागणीवरून ब्राउनिंग यांनी ०.५० इंची मशीनगनचेही काम हाती घेतले. लघुप्रतिक्षेपाचीच रचना त्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये तिला एम २ हे रूप मिळाले. ही मशीनगन आजही अनेक देशांच्या सैन्यांत वापरात आहे. तिची नळी बदलल्यावर काडतूस आणि बोल्ट यांमधील अंतर हाताने जुळवावे लागे. ते चुकल्यास पुंगळी फुटून चालकाला इजा होऊ शकते. २०१० च्या सुमारास आलेल्या सुधारित नमुन्यात ही जुळवणी अनावश्यक झाली.

समकालीन पर्याय

ब्रीच पूर्णपणे कुलूपबंद न करता केवळ तिचे उघडणे लांबवण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. यांना विलंबित ब्रीचची शस्त्रे म्हणतात. त्यांत बोल्ट आरंभापासूनच मागे ढकलला जात असतो. पण तरफ, सांधा किंवा घर्षण यांच्या साह्याने त्याला प्रतिकूल स्थितीत ठेवलेले असते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या १९०७ च्या श्वार्झलोझे मशीनगनमध्ये बोल्टामागे दुमडणारा सांधा होता. पुंगळी दाब असतानाच हलू लागत असल्याने तिच्या आरंभीच्या नमुन्यांत काडतुसांना तेल लावण्याची सोय करावी लागली होती. जॉन पेडरसन यांच्या रायफलीतही सांध्याचीच योजना होती व तिच्या काडतुसांवर मेणाचा थर द्यावा लागे. थॉम्पसन सबमशीनगनमध्ये तिरप्या पृष्ठभागांच्या घर्षणाचा उपयोग केला होता. दुसऱ्या महायुद्धातील तिच्या साध्या आवृत्तीत तो भाग काढून टाकला, तरी बंदूक नीट चालली.

विलंबित ब्रीचला खरे यश दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन रचनेच्या रुळांच्या बोल्टामुळे मिळाले. जी-३ रायफल व एम.पी.-५ सबमशीनगन ही त्याची उदाहरणे होत. ब्राउनिंग यांनी मात्र जोरदार काडतुसांसाठी कुलूपबंद ब्रीचच पसंत केली. त्यांच्या रचनांत विलंब घर्षणावर किंवा तेलावर अवलंबून नसून, भागांनी कापायच्या ठरावीक अंतरावर अवलंबून असे. काडतूस कोरडे असो की तेलकट, ते अंतर बदलत नाही. चिखल व धूळ असलेल्या रणांगणावर त्यांची शस्त्रे विश्वासार्ह ठरण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

कार्यपद्धती

ब्राउनिंग सविस्तर आराखडे क्वचितच काढत. मनात रचना पुरती उभी राहिल्यावर ते पत्र्याचे साचे कापत आणि त्यांवरून भाग घडवून पाहत. भाऊ एड हे नमुने तयार करण्यात त्यांचे प्रमुख साहाय्यक होते, तर मॅट व्यवहार सांभाळत. नमुना हाती आला की तो अडकेपर्यंत चालवून पाहणे आणि ज्या जागी अडकला ती जागा बदलणे, अशी त्यांची रीत होती.

शस्त्रांचे परिणाम

ब्राउनिंग यांची सुटसुटीत पिस्तुले जगभर पसरल्यामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अनेक राजकीय घटनांशी त्यांचे नाव जोडले गेले. ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन येथे कोरियन देशभक्त आन जुंग-गन यांनी जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यावर एम १९०० पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिक येथील विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांचा वध केला, तोही ब्राउनिंग पिस्तुलाने. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत अशी २० पिस्तुले भारतात पाठवली होती, असे पुढील खटल्यात सरकार पक्षाने मांडले. १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये झालेल्या अटकेमागे हेही एक कारण होते. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या केली. त्याच्या हाती एफ.एन.चे १९१० चे ब्राउनिंग पिस्तूल होते. या घटनेतून भडकलेल्या महायुद्धात ब्राउनिंग यांच्याच मशीनगन वापरल्या गेल्या. नेमबाजाला सुरक्षित ठेवणारी यंत्रणा जितकी निर्दोष झाली, तितकी शस्त्राची मारकताही वाढली. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात.

अखेरची वर्षे व मृत्यू

महायुद्धानंतर ब्राउनिंग पुन्हा बेल्जियमला जाऊ-येऊ लागले. एकावर एक अशा दोन नळ्यांची सुपरपोज्ड ही छर्ऱ्याची बंदूक आणि फ्रेंच सैन्याच्या मागणीनुसार योजलेले ९ मिलिमीटर पिस्तूल ही त्यांची अखेरची महत्त्वाची कामे होत. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टालच्या कारखान्यात, पुत्र व्हॅल यांच्या विभागात काम करत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा मृतदेह अमेरिकेत नेऊन ऑग्डेन येथे दफन करण्यात आला.

अपुरे राहिलेले पिस्तूल बेल्जियन अभियंते द्यूदोने सेव्ह यांनी १९३५ मध्ये पूर्णत्वास नेले. हाय-पॉवर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पिस्तुलात दुव्याऐवजी नळीखालच्या तिरप्या खाचेने नळी खाली येते व त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात. भारतात पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात याच रचनेचे ९ मिलिमीटर पिस्तूल तयार केले जाते.

वारसा

आजच्या बहुसंख्य लष्करी व पोलिसी पिस्तुलांत मागे सरकून खाली झुकणाऱ्या नळीची पद्धत वापरली जाते. ती मुळात ब्राउनिंग यांच्या १८९७ च्या पेटंटांतून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात हरिकेन व स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांवर ०.३०३ इंची ब्राउनिंग मशीनगन बसवलेल्या होत्या. तापलेल्या नळीतील काडतूस आपोआप पेटू नये म्हणून, गोळीबार थांबल्यावर ब्रीच उघडी राहील असा बदल त्यांत करण्यात आला होता. ब्रीच केव्हा बंद असावी आणि केव्हा उघडी, या जुन्याच प्रश्नाचे ते आणखी एक रूप होते.

ऑग्डेन येथील युनियन स्टेशनच्या इमारतीत त्यांच्या नावाचे शस्त्रसंग्रहालय असून तेथे त्यांनी हाताने घडवलेले मूळ नमुने जतन करण्यात आले आहेत. २०११ मध्ये युटा राज्याने एम १९११ पिस्तुलाला राज्याच्या अधिकृत शस्त्राचा दर्जा दिला.